जरबेराचा होकार

२ तारीख, सोमवार
आजपासून रोजनिशी. थोर माणसं लिहितात. (मागची वही बोटीवर राहिली. बोट सुटली, नोकरीही.)

फुलांच्या दुकानात लागून तीन आठवडे झाले. इतके दिवस वाटत होतं, आपण फुलं पोचवतोय. आज कळलं, आपण निरोप पोचवतोय! झालं असं की एका गिऱ्हाइकाने विचारलं, होणाऱ्या बायकोला काय देऊ. मालकीणकाकूंनी एकदा मागे वळून बघितलं आणि म्हणाल्या, शेवंती द्या, शेवंती म्हणजे निष्ठा. मागे शेवंतीच्या चार बादल्या होत्या. अंगावर काटा आला. प्रत्येक फुलाला अर्थ असतो! शाळेत हे शिकवलं असतं तर मी शाळा सोडली नसती.

चष्मेवालीचा प्रश्न आता सुटलाच. ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसते, आत डोळ्यांचे डॉक्टर. स्वतःला चष्मा नाही. सोमवारी आणि गुरुवारी तिच्या फुलदाणीसाठी आमची फुलं जातात, नेणारा मी. तिच्याशी बोलायला गेलं की जीभ टाळ्याला चिकटते. यापुढे बोलायचंच नाही. फुलं बोलतील.

संकल्प: रोज सहाला उठणे.

५ तारीख, गुरुवार
साडेआठला उठलो.

ऑर्डर नेहमीचीच: पांढरी फुलं, साधी. मी पिवळी शेवंती नेली. निष्ठा. ती म्हणाली, पांढरी नव्हती का? आवाज जरा कापरा वाटला. (एसी जोरात होता, पण तेवढंच कारण नसावं.) मी नुसती मान हलवली. पहिल्या फेरीत एवढं पुष्कळ.

६ तारीख, शुक्रवार
गडबड झाली. शेवंती संपली आणि काकू एका बाईंना सांगत होत्या, निष्ठा म्हणजे कार्नेशनच. मी विचारलं, मग शेवंती? म्हणाल्या, शेवंती म्हणजे वडीलधाऱ्यांबद्दल आदर. मी म्हटलं, सोमवारी तर तुम्ही... म्हणाल्या, फुलांचं असंच असतं बाबा, दिवस पालटला की अर्थ पालटतो, तू देठ काप.

विषय वाटला त्याहून खोल आहे.

पण म्हणजे चष्मेवालीच्या फुलदाणीत आज सकाळपासून माझा आदर उभा आहे! तिला वाटेल, मी तिला मावशी समजतो. जेवण गेलं नाही. (गेलं, पण उशिरा.)

९ तारीख, सोमवार
गुलाबी कार्नेशन. अर्थ सकाळी काकूंकडून ताजा करून घेतला: पहिली नजर. डोळ्यांच्या दुकानाला याहून योग्य काय असणार!

वाटेत दोन माणसं भलामोठा आरसा उचलून नेत होती. त्यात अख्खा रस्ता उलटा चालत होता. त्यांच्या मागे थोडा गेलो. थोडा म्हणजे बराच. पोचलो तेव्हा ती म्हणाली, डॉक्टर केव्हाचे विचारतायत, आणि आजही पांढरी नाहीत? आतून डॉक्टर शिंकले. तिने फुलदाणी काउंटरवरून उचलली आणि मागच्या फळीवर, स्वतःच्या पर्सशेजारी ठेवली. लोकांच्या नजरेपासून दूर. ज्याला कळायचं त्याला कळतं.

१० तारीख, मंगळवार
घरी टेन्शन. घर म्हणजे ताईचं. मी झोपतो त्या खोलीत पाळणा येऊन बसलाय; ताईला सातवा लागला. तूर्तास मी त्यावर पँट वाळत घालतो.

भावजींनी जेवताना विषय काढला. त्यांच्या मित्राचं दुसऱ्या गावी कोल्ड स्टोरेज आहे. माणूस हवाय, राहायला खोली देतात. म्हणाले, गुरुवारी सातपर्यंत हो की नाही ते सांग, त्याच्याकडे दुसरा एक जण तयार बसलाय. मी म्हटलं, विचार करतो. म्हणाले, तू विचार करतोस तेव्हाच मला भीती वाटते.

ताई म्हणाली, राजा, या वेळी तरी पळू नकोस रे, बाळ आल्यावर तुला ठेवू कुठे? आणि डोळे पुसले. कांदा चिरून झाला होता केव्हाच.

म्हणजे माझं सगळं आयुष्य आता चष्मेवालीच्या एका शब्दावर. ती हो म्हणाली तर इथेच राहायचं, खोली बघायची, ड्रायव्हिंग शिकायचं, माणूस व्हायचं. नाही म्हणाली तर जन्मभर बर्फात. पण ती नाही कशाला म्हणेल?

११ तारीख, बुधवार
माल पाठवणाऱ्याने चुकून जरबेराचे दुप्पट खोके पाठवले. दिवसभर देठांना तार गुंडाळत बसलो. जरबेराची मान नाजूक, तारेशिवाय पडते. मी शेवटचे दोन वेढे उलटे घालतो. काकू म्हणतात, असलं आडमुठं काम अख्ख्या बाजारात दुसरं कुणी करत नाही. ही माझी स्टाइल.

जरबेराचा अर्थ विचारला. काकूंनी खोक्यांकडे बघितलं. म्हणाल्या, होकार. मुलीने जरबेरा दिला की समजायचं, ठरलं. संध्याकाळपर्यंत सात जणांचं ठरलं.

उद्या आरपार.

१२ तारीख, गुरुवार, सकाळी ११
लाल गुलाब नेला. एकच. काकूंना अर्थ विचारला नाही. तो पालटलेला निघाला असता तर झेपलं नसतं.

तिच्यासमोर ठेवला आणि चक्क बोललो. पाठ केलं होतं: याचं उत्तर फुलानेच द्या, मी सहाला येतो. ती गुलाबाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. म्हणाली, अहो, पण ऐका तरी... तोवर मी रस्त्यावर.

दुपारी ३
दुकानात बसवेना. डिलिव्हरी आहे असं सांगून पुलावर आलोय. खाली एक जण गळ टाकून बसलाय. तासभर बघतोय, मासा आला नाही. याचा अर्थ काही नाही. मासे वेगळे.

संध्याकाळी ७.३०
जरबेरा!!!

केशरी, एकच. ती चष्म्याच्या दुकानाबाहेर येऊन उभी होती, हातात धरून. म्हणाली, हे तुमच्यासाठी, तुम्ही फुलांतलेच, अर्थ तुम्हाला कळेल. मी म्हटलं, कळला. म्हणाली, वाईट नाही ना वाटलं? वेडी! एकच आणला म्हणून संकोच. मी म्हटलं, उलट मला अगदी हेच हवं होतं. तिने हा एवढा सुस्कारा सोडला. म्हणाली, सुटले बाई, दिवसभर जीव टांगणीला लागला होता. तिचाही!

देठाची तार बघितली. शेवटचे दोन वेढे उलटे. म्हणजे मुद्दाम आमच्याच दुकानात येऊन गेली. याला म्हणतात योग.

धावत घरी. सातला दोन मिनिटं कमी. भावजींना सांगितलं, नाही. म्हणाले, नीट विचार केलास का? म्हटलं, माझं ठरलंय. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. ताईने ताट वाढलं आणि माझ्याकडे बघत नुसतीच उभी राहिली. तिला अजून माहीत नाही ना. उद्या सांगेन, एकदम.

१३ तारीख, शुक्रवार
काकू खुशीत. जरबेरा संपत आला. म्हणाल्या, काल दुपारी तू उंडारत होतास तेव्हा एक मुलगी आली होती. एकाला नाही म्हणायचंय म्हणाली, पण त्याचं मन दुखवायचं नाही, कोणतं फूल द्यावं? मी तिला सांगितलं, जरबेरा. जरबेरा म्हणजे सभ्य नकार.

मी म्हटलं, होकार ना? म्हणाल्या, अरे खोके भरून पडले होते, दुसरं काय सांगू? गोड होती हो पोरगी. म्हणाली, माणूस वाईट नाही, पण पांढरी सांगितली तर पिवळी आणतो, आमच्या डॉक्टरांच्या शिंका...

काकू बोलता बोलता थांबल्या. माझ्याकडे बघितलं. मग बादलीत पाणी भरायला गेल्या. बादली भरलेलीच होती.

दुपारी
एक शक्यता आहे. लाजून तिने काकूंना उलटं सांगितलं असेल.

थोड्या वेळाने
नसेल.

संध्याकाळी
भावजींना म्हटलं, परत फोन लावा. काही न विचारता लावला. तो दुसरा माणूस सकाळीच रुजू झाला. भावजी म्हणाले, वेळेवर आला म्हणे, सहाला उठतो.

१४ तारीख, शनिवार
जरबेरा ग्लासात ठेवला होता. अजून ताठ. तार उलगडून बघितली. त्याने लगेच मान टाकली.

ताई आली. पाळण्यावरची माझी पँट काढली, घडी केली, माझ्या हातात दिली. मग फुलाकडे लक्ष गेलं. म्हणाली, छान आहे रे, याचा अर्थ काय असतो?

म्हटलं, माल जास्त आला होता.