मांजरीचं सुतक

अण्णा,

तुमच्या भुवयांचा विषय परवा पुन्हा निघाला. नातसुनेच्या माहेरची माणसं जेवायला आली होती आणि ह्यांनी, म्हणजे तुमच्या जावयांनी, श्रीखंडाची वाटी बाजूला सारून तो किस्सा लावला. पाहुणे पोट धरधरून हसले. मीही हसले, पण नंतर ताटं उचलताना तुमचा असा राग आला म्हणून सांगू. तुम्हीच सांगायचात ना, की इजिप्तमधले लोक मेलेल्या नातलगांना पत्रं लिहायचे, मातीच्या वाडग्यावर, आणि आत काहीबाही खायला घालून थडग्यापाशी ठेवायचे? आणि त्या पत्रांत बऱ्याचदा तक्रारीच असायच्या? तर ही माझी तक्रार समजा. खायला मात्र काही ठेवत नाही, तुम्हाला साखरेचा त्रास होता.

लढाईच्या दिवसांत तुम्ही फौजेच्या कोठारात कारकून म्हणून कैरोला होतात. इतरांचे बाप लढाईवरून घोंगड्या घेऊन आले, तुम्ही पिरॅमिड घेऊन आलात. अंबरनाथच्या कारखान्यात नोकरीला लागलात तरी मन तिकडेच. कुणी आपल्या शिवमंदिराला जुनं म्हटलं की तुम्ही हसायचात, "कालचं पोर आहे हो ते." पावसाळ्यात उल्हास नदी भरली की आम्हाला काठावर नेऊन सांगायचात, नाईल अशीच दर वर्षी गाळ आणून टाकते आणि त्या गाळावर सगळं राज्य उभं राहिलं. वरचा इजिप्त आणि खालचा इजिप्त, दोन वेगळी राज्यं. एका राजाने दोन्ही एक केली आणि दोन मुकुट एकात एक घालून डोक्यावर ठेवले. हे समजावायला तुम्ही आईचं भाताचं पातेलं आणि त्यात वरणाचं पातेलं डोक्यावर चढवलंत. आई पळी हातात धरून दारात उभी. "मेलेल्यांचं पुरे झालं," ती म्हणते, "जित्यांना वाढू का?"

निर्वासितांच्या कँपातली सिंधी चाची आठवते? फाळणीनंतर आलेली, पापडांची टोपली घेऊन आपल्या चाळीत यायची. तिला तुम्ही एकदा पापडखार कशाला वापरतात ते विचारलंत आणि तिने उत्तर द्यायच्या आत सांगून टाकलंत, की तिकडे जवळजवळ असल्याच खारात मुडदे सुकवायचे. आधी नाकातून आकडा घालून मेंदू काढून फेकून द्यायचे, कारण त्याचा उपयोग काय हे त्यांना माहीत नव्हतं. काळीज मात्र आतच ठेवायचे, कारण वर गेल्यावर ते तराजूत घालून पिसाशी तोलायचं असतं. जड भरलं की संपलं. चाची म्हणाली, "साईं, मेरा पापड हल्का है, तोल के देखो." पण पुढे चाळीत कित्येक दिवस तिचा पापड कुणी घेईना. शेवटी आईनेच तिची समजूत काढून टोपली रिकामी केली. आम्ही महिनाभर पापड खात होतो.

आणि ती मांजर. आईचीच ती, करड्या रंगाची, उर्मट. तुम्ही तिला देवी म्हणायचात. तिकडे मांजर मारणाऱ्याला लोक जिवंत सोडत नसत, असं मोठ्या कौतुकाने सांगायचात. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "त्यात काय नवल. आपल्याकडेही मांजर मारली तर सोन्याची मांजर करून काशीला द्यावी लागते. तुमच्याकडे सोनं नाही, तेव्हा जपून पाय टाका."

मग आई गेली. तापाचं निमित्त झालं आणि गेली. दादाने मुंडन केलं, पिंड ठेवले. तुम्ही भिंतीला टेकून बसून होतात, आणि तेरावा झाला तसे डबा घेऊन कामावर गेलात. डोळ्यांत टिपूस नाही. चाळीत बायका म्हणाल्या, दगड आहे मेला. मीही तेच म्हणत होते, मनातल्या मनात. इजिप्तच्या गोष्टी तेवढ्या बंद झाल्या. रोज कामावरून आलात की आधी बशीत दूध ओतून मांजरीपुढे ठेवायचात, मग चहाचं विचारायचात.

दोन वर्षांनी मला बघायला बदलापूरचे लोक येणार होते. मुलगा शहाडला नोकरीला, माणसं शेतीवाडीची, हुंड्याचं नाव नाही. अशी स्थळं आमच्यासारख्यांकडे चालून येत नाहीत, हे मला दादाने आणि वहिनीने बजावून बजावून सांगितलेलं. त्याआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता, एकदा माझ्या रंगाने आणि एकदा तुमच्या तोंडाने. हेही गेलं तर वहिनीच्या हाताखाली जन्म काढायचा होता. आणि बरोब्बर आदल्या दिवशी मांजर मेली. म्हातारीच झाली होती. तुम्ही तिला जास्वंदीखाली पुरलंत, आत आलात, वस्तरा काढलात आणि दोन्ही भुवया साफ उतरवल्यात.

मी किंचाळले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "घरात मांजर गेली की घरातल्या सगळ्यांनी भुवया काढायच्या. तशी रीत आहे. एका ग्रीक प्रवाशाने लिहून ठेवलंय." "सगळ्यांनी" म्हणताना तुम्ही वस्तरा पुसून माझ्याकडे बघितलंत. मी जी पळाले ती दादाकडे जाऊन कडी लावून बसले. तुम्ही काय, देवाघरी निघून गेलात, पण तो वस्तरा अजून माझ्या स्वप्नात येतो.

सकाळी चाची आली. तिने तुम्हाला खुर्चीत बसवलं, काजळाची डबी उघडली आणि "साईं, हिलना नहीं" म्हणत दोन भुवया काढल्या. तुम्ही आरशात बघून खूश. तिकडे पुरुषही काजळ घालायचे म्हणे. फक्त चाचीने त्या जरा उंच काढल्या होत्या, त्यामुळे तुम्हाला सतत कशाचं तरी आश्चर्य वाटतंय असं दिसत होतं. मुलाच्या मामांनी "प्रवास बरा झाला" म्हटलं तर तुमचा चेहरा असा, की जणू माणसं बदलापुराहून अंबरनाथला येऊच शकत नाहीत.

वैशाखाचे दिवस. मी पोह्यांच्या बश्या ठेवल्या आणि तुम्ही उपरण्याने कपाळ पुसलंत. डावी भुवई उपरण्यात गेली. मामांनी बशी खाली ठेवली. "घरात काही झालंय का? सुतक असलं तर तसं सांगायला हवं होतं. आम्ही पाणीसुद्धा घेतलं नसतं."

दादा सारवासारव करायला पुढे सरकतोय तोवर तुम्ही म्हणालात, "काल मांजर गेली."

"कोण?"

"मांजर."

आणि मग, दोन वर्षांनी, तुम्ही इजिप्त सुरू केलंत. मामा चपला शोधायला लागले. स्थळ हातचं चाललं होतं आणि तुम्ही मात्र काळीज आणि पिसापर्यंत पोचला होतात. मुलगा तेवढा ऐकत होता. त्याने विचारलं, "आणि कुत्रा मेला तर?"

"तर सगळं अंग. डोक्यासकट."

"आमचा कुत्रा म्हातारा झालाय," तो म्हणाला. "आधी कल्पना दिलीत ते बरं केलंत."

मामा म्हणाले, "उठा. इथे संबंध नको." तेव्हा मुलाची आई पहिल्यांदा बोलली. नऊवारीतली दणकट बाई, हाताला शेतातल्या कामाचे घट्टे. तिने तुम्हालाच विचारलं, "मांजर कुनाची व्हती?"

तुम्ही दारातून जास्वंदीकडे बघितलंत. मग म्हणालात, "हिच्या आईची." आणि रडलात, अण्णा. आई गेली तेव्हा न रडलेले तुम्ही सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडलात, उरलेली भुवईही गालावर ओघळली. त्या बाईने मामांना हाताने खाली बसवलं, पोह्यांची बशी उचलली आणि खायला लागली. शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ले, पाणी प्यायली, आणि मला म्हणाली, "बाय, आनखी हायत का गो?"

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. कुत्राही पुढे गेला, पण सासूबाईंनी वस्तरा लपवून ठेवला होता.

हे पत्र मी कुठेच ठेवणार नाही, फाडूनच टाकेन, कारण आमचे हे घरातलं सगळं वाचतात. मुलगा पसंत आहे का, असं त्या संध्याकाळी तुम्ही मला विचारलंत आणि मी मान हलवली. साठाहून जास्त वर्षं ह्यांना वाटतं की तो कुत्र्याचा प्रश्न मला आवडला. चांगलाच होता प्रश्न, माणूसही चांगला निघाला. पण खरं सांगायचं तर मी त्या दिवशी ह्यांच्याकडे धड बघितलंच नव्हतं. मी त्यांच्या आईकडे बघत होते. मला आई हवी होती, अण्णा, आणि ती पोहे खात समोर बसली होती.