बायांच्या कमरेची डॉक्टर

बाबा, आपलं भांडण अर्धवट राहिलंय, म्हणून लिहायला बसले. अड्याळच्या आपल्या अंगणात गावोगावचे लोक यायचे, कोणाचा खांदा निखळलेला, कोणाचा पाय मुरगळलेला, आणि तुम्ही इकडच्या तिकडच्या गप्पा मारता मारता हाड जागेवर बसवायचात. पण धानाची रोवणी संपली की बाया कंबर धरून यायच्या, त्यांना मात्र तुम्ही आत आईकडे पाठवायचात. बाईच्या कमरेला हात लावायचा नाही, हा आपल्या घराण्याचा नेम. आणि हाडं बसवायची विद्या बाईला द्यायची नाही, हाही नेमच. म्हणून आई नुसतं मोहाच्या बियांचं तेल चोळून द्यायची, तिला तेवढंच ठाऊक. तिची स्वतःची कंबर कोण बघणार? धानाच्या बांधीतल्या चिखलातून आलेली ती भिंत धरून सरळ व्हायला बघते आहे, आणि तुम्ही बाहेर कोणाचं तरी मनगट चाचपत बसला आहात. मला राग यायचा, बाबा. अजून येतो.

मी परदेशातून कायरोप्रॅक्टिक शिकून आले, तेव्हा पोरगी मणक्याची डॉक्टर झाली म्हणून तुम्ही गावभर सांगत सुटलात. मग जेवताना मी म्हटलं, यातही शाखा असतात, कोणी खेळाडूंचं बघतं, कोणी लहान मुलांचं, कोणी नुसते एक्स-रे वाचतं. मी गरोदर आणि बाळंतिणींचं घेतलंय. तुमचा चेहराच उतरला.

"खेळाडूइचं काहून नाही घेतलं? पेपरात फोटो आला असता. बायाइच्या कमरेची डॉक्टर, हे मी लोकाइले सांगू कसा?"

"असंच सांगा."

"कंबर तं साऱ्याच बायाइची दुखते. त्याच्यात शिकाले काय हाय?"

"साऱ्याइचीच दुखते, म्हनूनच घेतलं, बाबा."

तुम्ही ताटावरून उठलात. त्याच वर्षी गेलात, आणि बोलणं तिथंच राहिलं.

आता मोहाडीला बाजाराच्या दिवशी बाया भाजीच्या पिशव्या दाराशी ठेवून माझ्या दवाखान्यात येतात. परवा एक पोटुशी पोर टेबलावर कुशीवर झोपली आणि म्हणाली, "बाई, इथं दुखते हे मी आजवर कोनालेच नाही सांगितलं." मी तिच्या कमरेवर हात ठेवला. तुमचा नेम मी रोज मोडते, आणि घराण्याचं काही बिघडलेलं नाही.

हे आईला वाचून दाखवणार होते. नाही दाखवत. तिची कंबर आता मीच बघते, तरी ती तुमचीच बाजू घेईल. आणि खरं सांगते, तिनं ती घ्यावी असं मलाही वाटतं. तुमच्या वतीनं माझ्याशी भांडणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.