हसण्याचा शॉट राहिला

अन्याय घडला तो शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५ रोजी, संध्याकाळी पाच वाजून बावन्न मिनिटांनी. वेळ अंदाजाची नाही, युनिटच्या त्या दिवसाच्या अहवालात लिहिलेली आहे. ही ओळ मी मागाहून पहिल्या पानाच्या डोक्यावर लिहिली. वही कुणाच्या हाती पडली, तर त्याने आधी ही वाचावी आणि मग बाकीचं.

सोमवार, १० नोव्हेंबर

पोहोचले. मांडव्याच्या धक्क्यावर बोटीतून उतरले तर मला न्यायला टेम्पो आलेला. मागे दिवे, स्टँड, चार गाद्या आणि कांद्याचं पोतं. पुढे ड्रायव्हरशेजारी सिनेमाची नायिका, वय त्रेसष्ट. काशीदपर्यंत मी एकटीच हसत होते.

तेहेतीस वर्षं विमा कंपनीच्या दावे विभागात मेलेल्या माणसांचे कागद तपासले. निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी चांगले फोटो काढून घेऊन अंधेरीत ऑडिशनच्या रांगेत उभी राहिले. तीन वर्षांत गुडघ्याच्या तेलाची एक जाहिरात मिळाली, एका मालिकेत चहाचा ट्रे ठेवून जाणारी काकू मिळाली, आणि ‘कळवतो’ हा शब्द तर अगणित वेळा मिळाला. भावाने विचारलं, या वयात कशाला नाचतेस? मी सांगितलं, तू या वयात नुसता बसतोस, त्याबद्दल मी काही बोलले का?

आता ही जैतू. गावातली दुकानदारीण, रिसॉर्टवाल्याला जागा देत नाही आणि शेवटी मरते. जवळजवळ प्रत्येक सीनमध्ये मी आहे.

दिग्दर्शक ऋत्विक, वय एकोणतीस. सिनेमा लोकवर्गणीचा, कॅमेरा मित्राचा, लेन्स एकच आणि तीही उसनी. राही ही त्याची सहायक, निर्माती आणि वेळ पडली तर आचारीण. सगळे मला मृणालमावशी म्हणायला लागले. मी कुणाची मावशी नाही, कुमारी गुप्ते म्हणा, असं मी स्पष्ट सांगितलं. ऋत्विक म्हणाला, बरं मावशी.

माझा मुक्काम मासूमाच्या घरी. तिचा नवरा कुवेतला असतो. समुद्राकडची खोली तिने मला दिली, तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं कालवण वाढलं, आणि येताना बोट बुडून मी मेले असते तर सिनेमा कसा झाला असता ही तिची काळजी मला जेवताना सविस्तर सांगितली.

बुधवार, १२ नोव्हेंबर

दोन दिवसांत नऊ सीन. मला हे काम येतं. हे वाक्य लिहायला तीन वर्षं थांबले होते, म्हणून पुन्हा लिहिते. मला हे काम येतं.

दुकानाच्या दारात मी रिसॉर्टवाल्याच्या माणसाला तराजू दाखवून हाकलते, तो सीन एका टेकमध्ये झाला. ऋत्विक काही बोलला नाही, नुसता मॉनिटरपाशी बसून राहिला. राहीने सांगितलं की त्याचं कौतुक असंच असतं, तो मुका होतो. मुंबईच्या महोत्सवाला महिनाअखेर सिनेमा पाठवायचाय, म्हणून रोज संध्याकाळी तो संकलनही करतो.

मेकअपला हिरामण आहेत, माणगावचे. चाळीस वर्षं मोठ्या स्टुडिओंत काढली, आता ऋत्विकच्या प्रेमाखातर इथे. मला म्याडम म्हणतात आणि भुवया काढताना श्वास धरायला लावतात. त्यांनी विचारलं, मरायचा सीन कधी हाय? शुक्रवारी, म्हटलं. मग हसता शॉट लिहून घ्या, म्हणाले. पडद्यावर मेलेल्या नटाला सेटवरून तसंच उठू देत नाहीत. त्याच कॅमेऱ्याने, त्याच कपड्यांत त्याचा हसरा चेहरा घ्यायचा, मगच पॅकअप. भल्याभल्यांनी पाळलंय, एकानंही मोडलं न्हाय.

शाळेत नन्सनी आम्हाला तीन गोष्टी शिकवल्या. पाठ ताठ, उच्चार स्वच्छ, थोतांडाला थारा नाही. मी हिरामणांना तसं सांगितलं. ते म्हणाले, मोठ्या शाळेत शिकलाव, चांगलं हाय, पर हसा.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

जैतू मेली.

मासूमाच्या ओटीवर मला आडवं केलं. नाकात कापूस, हनुवटीखाली पट्टी, जिभेवर तुळशीचं पान. चार वाजल्यापासून मी मेलेली होते. मोठं कठीण काम आहे, श्वास पोटात ठेवावा लागतो. शेवटचा टेक झाला तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता.

हिरामण पुढे झाले आणि म्हणाले, आता हसता. ऋत्विकने लेन्स काढलीसुद्धा. त्याचं म्हणणं, हे जुन्या स्टुडिओवाल्यांचं खूळ, आपण वेगळा सिनेमा करतोय, आणि उजेड संपला. हिरामण म्हणाले, दहा सेकंद. ऋत्विक म्हणाला, उद्या. राहीने अहवालात पाच बावन्न लिहून वही मिटली.

मीही ताणलं नाही. नव्या विचारांची नटी दिसायचं होतं मला, आणि चहा हवा होता. हे इथे लिहिते, कारण मी खोटे दावे मंजूर करत नसे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सकाळी त्याला आठवण केली. त्याने मान हलवली आणि दुसऱ्याच कामाला लागला.

आजच्या कॉलशीटवर माझं नाव नाही. तीन सीन बाकी आहेत, तरी नाही. राही म्हणाली, सॉरी मावशी, टायपिंगमध्ये राहिलं. मग सगळ्यांना चहा आला आणि माझ्यापुढून किटली निघून गेली. मी हाक मारली तेव्हा राही दचकली.

रात्रीच्या जेवणाला मासूमाने एकच ताट मांडलं, स्वतःचं. मी समोर बसले होते. तोबा तोबा करत उठली, म्हणाली, बाय, मना दिसलाच नाय तुमी. मी म्हटलं, चष्मा लाव. हसली बिचारी. मीही हसायला गेले. जबडा दुखला. पट्टीचा वळ असेल.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आज ऋत्विकने आधीचं शूटिंग लावून पाहिलं. मी त्याच्या मागे उभी.

दुकानाचा सीन. मी तराजू उचलते, बोलते, माणसाला हाकलते. डोळे मिटलेले आहेत.

पुढचा सीन, डोळे मिटलेले. अंगणातला, विहिरीवरचा, साखर तोलतानाचा. सगळे शॉट मी उघड्या डोळ्यांनी दिले, समोरच्याच्या डोळ्यांत बघून दिले. ऋत्विक म्हणाला, पापणी लवली असेल. मी विचारलं, नऊ सीनभर? तो मुका झाला. कौतुकाने नव्हे.

हिरामण मॉनिटरकडे बघायलाच आले नाहीत.

बुधवार, १९ नोव्हेंबर

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला द्यायचा महिना. मोबाइलवर चेहरा दाखवून होतं. चेहरा धरला. ‘पापण्यांची उघडझाप करा.’ केली. सात वेळा केली. ‘जिवंत चेहरा आढळला नाही.’

मासूमाला घेऊन मुरुडच्या बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीने माझ्या डोक्यावरून मासूमाला विचारलं, दाखला कुणाचा? मासूमा म्हणाली, ह्या बायचा. मुलीने स्क्रीन पाहिला, चेहरा पाडला, आणि सौम्य आवाजात सांगितलं की तेराव्यानंतर मृत्यूचा दाखला घेऊन या, घाई नाही.

मी टेबलावर हात आपटला. तेहेतीस वर्षं मी ही ओळ लोकांना सांगत आले, पण प्रेत उभं राहून वाद घालतंय अशा केसमध्ये कधी सांगितली नाही. मुलीने पेनस्टँड सरळ केला. आपटल्याने हलला होता, तेवढंच तिला कळलं.

परतताना मासूमा गाडीत रडत होती. कशाला रडतेस म्हटलं, तर म्हणाली, ठाऊक नाय, कुनीतरी गेल्यावानी वाटतंय.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सकाळी उठले तर नाकात कापूस. मेकअपचा उरला असेल म्हणायला आज आठवा दिवस आहे. काढला. लांब निघाला, काढता काढता संपेना.

तोंडात तुळशीचं पान. या घरात तुळस नाही.

थुंकले. चूळ भरली. आरशापुढे उभी राहून स्वच्छ उच्चारात माझं पूर्ण नाव दहा वेळा घेतलं. मी घाबरले आहे, पण मरायला तयार नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हिशेब केला. चौदा तारखेपासून दहावा दिवस तेवीस, तेरावा सव्वीस.

रविवार, २३ नोव्हेंबर

दहावा.

मी व्हरांड्यात भाकरी खात होते. कावळा आला. ताटाच्या कडेवर बसला. माझा हात ताटात होता, त्याने घास माझ्या बोटांतून घेतला आणि निवांत खाल्ला.

मासूमाने दारातून बघितलं. ताटाकडे बघितलं. सुटकेचा निःश्वास टाकला तिने.

नाही. माझी एकही इच्छा पुरी झालेली नाही. तुला शिवायचा अधिकार नव्हता, कावळ्या.

सोमवार, २४ नोव्हेंबर

युनिट पॅकअप होऊन गेलं. फक्त ऋत्विक काशीदच्या बंगल्यात संकलन करतोय, राही सोबत.

दुपारी हिरामण आले. अंगणात उभे राहून, मी कुठे आहे ते न बघता, मोठ्याने म्हणाले, म्याडम, असाल तर हसा. मोबाइल धरला. मी ओटीवर उभी राहून हसले. जबड्याचा काटकन आवाज झाला तरी हसले, दात दिसतील असं हसले.

त्यांनी मोबाइल माझ्याकडे वळवला. त्यात ओटी होती. ओटीवर मी आडवी. पट्टी बांधलेली.

हिरामण म्हणाले, ज्यानं मारलं त्यानंच हसवाय पायजे. त्याच कॅमेऱ्यानं. मग निघाले. फाटकापर्यंत एकदाही मागे वळून बघितलं नाही. स्मशानातून परतताना बघत नाहीत, तसं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

बंगल्यावर गेले. चालत. वाळूत पाऊल उमटत नव्हतं, पण चालत.

ऋत्विक स्क्रीनपुढे. सिनेमा पूर्ण जोडलेला. सुरुवातीला काळ्यावर पांढरी अक्षरं —

मृणाल गुप्ते यांच्या स्मृतीस.

तीन वर्षं रांगेत उभी राहिले ती पडद्यावर नाव एकटं यावं म्हणून. आलं.

राही त्याला विचारत होती, आपल्याला कुणी सांगितलं रे मावशी गेल्या ते? तो म्हणाला, मला वाटलं तू. ती म्हणाली, मला वाटलं तू. दोघं रडले. तो म्हणाला, बघ ना, किती जिवंत वाटतात.

मी त्याचा खांदा धरला. जोरात. त्याने खांदा चोळला आणि खिडकी लावून घेतली.

कॅमेरा टेबलावरच. लेन्स लावलेली. दहा सेकंदांचं काम.

पण पेन हातात धरता येतं अजून. शाई कागदावर उमटते. मासूमाने काल माझी यादी वाचली, मीठ आणलं. म्हणजे लिहिलेलं पोहोचतं.

कागद तर कागद. माझा धंदाच तो.

बुधवार, २६ नोव्हेंबर, दुपार

मूळ प्रत त्याच्या कीबोर्डवर ठेवली आहे. ही नक्कल.

श्री. ऋत्विक, दिग्दर्शक, यांस —

तुम्ही दिनांक १४ रोजी ५.५२ वाजता मला मृत अवस्थेत सोडून काम थांबवलंत. मी ते मान्य करत नाही. केलं नव्हतं, करणार नाही.

मागणी एक. स्मृतीची पाटी काढावी. श्रेयनामावलीत माझं नाव नटी म्हणून, पहिलं.

मागणी दोन. तोच कॅमेरा मासूमाच्या ओटीसमोर लावावा. मी तिथे आहे. दिसत नसले तरी लावा. फोकस तुम्ही कराल, हसण्याचं मी बघते. जबडा जड झालाय — बोटांनी ओढून हसेन. डोळे मिटायला लागलेत — तरी —

मला हे काम येतं. चांगलं येतं. पुढच्या सिनेमासाठी माझ्या तारखा मोकळ्या आहेत, हेही नोंदवा.

नक्कल जरा थांबवते. नाकात कापूस परत. लिहिताना श्वास तोंडाने.

साडेचार झाले. आवारात मासूमाने भांडी आणलीत, लोक येताहेत, कुणीतरी पान मांडतंय, गोडाचा वास — कुणासाठी विचारलं, कुणी —

पत्रातलं उरलेलं — उत्तर तोंडी चालणार नाही. लेखी हवं, सहीनिशी, आज बुधवार, २६ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच बावन्नच्या आत. पाकिटावर ‘कुमारी मृणाल गुप्ते’ असं स्पष्ट लिहावं. नावाआधी ‘कै.’ घातलेलं पाकीट मी स्वीकारणार ना