बाच्या दुकानातला वाडगा

सायगाव, दि. २० नोव्हेंबर १९६६

प्रिय अक्का,

तुला आणि दाजींना नमस्कार, प्रमिलाला गोड पापा. तुझं दिवाळीचं पत्र काल कचेरीच्या टपालातून हाती पडलं.

इकडे मी बरा आहे. पावसाळा सरत आलाय. दुपारी बारा ते तीन सगळं शहर झोपतं, आमची कचेरीसुद्धा. बाकी वेळ टाइपरायटर. इथे शांतता पाळली जाते की नाही हे पाहायला नेमलेल्या आयोगाचे अहवाल मी टाइप करतो, आणि तोफांचे आवाज खिडकीतून येत असतात. हे आईला सांगू नकोस. तिला अजून वाटतं की आपल्या चाळीसगावकडच्या सायगावसारखंच हे एखादं गाव असेल. तसंच वाटू दे.

प्रमिलाच्या फ्रॉकसाठी रेशमी कापड घेतलंय. भाईदास पाटील डिसेंबरात रजेवर जातोय, त्याच्याबरोबर पाठवतो. तो भडगावचा, आयोगाबरोबर आलेल्या आपल्या लष्कराच्या सिग्नल विभागात हवालदार आहे. इथे माझ्याशी अहिराणी बोलणारा तो एकटाच. दाजींच्या दुकानाचं काम मार्गी लागलं हे वाचून बरं वाटलं. धुळ्यात थंडी पडली असेल. इथे नाही.

अक्का, दोन पानं लिहून फाडली. आता सरळ लिहितो.

पाडव्याला आईला स्थानकात महासतीजींचं प्रवचन ऐकताना भोवळ आली, दोघींनी धरून तिला घरी आणलं, डॉक्टर 'तूप-दूध घ्या' म्हणाले तर ती नुसती हसली, असं तू लिहिलंस. ती का हसली ते तुला-मला माहीत आहे. जानेवारीत मी निघालो तेव्हा नानांचा सक्त विरोध होता. मुलगा कापडाचं दुकान सोडून दिल्लीला सरकारी नोकरीत गेला हेच त्यांना पटलेलं नव्हतं, त्यात हा परमुलूख. आईने मात्र जाऊ दिलं. 'तिथलं काही अभक्ष्य तोंडात घालणार नाहीस ना?' एवढंच विचारलं. मी 'नाही' म्हटलं. तेव्हा महासतीजींसमोर हात जोडून तिने पचखाण घेतलं, की मी परत येऊन तिच्या हातचं जेवीन तोवर तूप आणि गोड बंद.

ऑगस्टमध्ये मी तुम्हाला एक मजेचं पत्र लिहिलं होतं. कचेरीजवळ एका म्हातारीचं खाणावळीसारखं दुकान आहे. सगळे तिला 'बा' म्हणतात, म्हणजे आजी. ती मूळची हनोईकडची, बारा वर्षांपूर्वी या देशाची फाळणी झाली तेव्हा एका मुलाला घेऊन इकडे आली. तांदळाच्या रुंद शेवया, वरून ऊन ऊन रस्सा आणि ओंजळभर हिरवा पाला, असा एक वाडगा ती देते. त्याला 'फो' म्हणतात. आमच्या कचेरीतल्या दुभाष्याने मला वाक्य शिकवलं, 'चो तोय मोत तो फो चाय.' मला एक वाडगा फो द्या, शाकाहारी. 'चाय' म्हणजे शाकाहारी, आपला चहा नव्हे.

पण या भाषेत सूर बदलला की शब्द बदलतो. पहिल्या दिवशी मी 'चाय' जरा वर चढवून म्हटलं आणि सगळं दुकान हसलं. मी जळका फो मागितला होता. दुसऱ्यांदा खाली दाबून म्हटलं, तर पळणारा फो झाला. मग बा माझ्यासमोर आली, हाताचा पंजा टेबलावर सपाट ठेवून सरळ पुढे सरकवला आणि म्हणाली, 'चाय.' मीही तसाच पंजा सरकवत म्हटलं. तिने मान डोलावली आणि वाडगा आणून ठेवला. शेवया, पाला, रस्सा. मांसाचा तुकडा नव्हता.

त्या पत्रावर तूच लिहिलं होतंस की आईने ते दाजींकडून दोनदा वाचून घेतलं आणि स्थानकात सगळ्यांना सांगितलं, 'माझा अभय त्यांच्या बोलीत शुद्ध जेवण मागून घेतो.'

तीन महिने मी दर रविवारी तिथे जात होतो. ऑक्टोबरमध्ये एकदा भाईदासबरोबर सकाळी लवकर गेलो. बा मागच्या अंगणात मोठं पातेलं रिकामं करत होती. त्यातून हाडं पडली, अक्का. मोठी मोठी हाडं. मी भाईदासकडे पाहिलं.

तो म्हणाला, "हाऊ रस्सा हाडकास्नाच शे ना भाऊ. माले वाटनं, तुले मालूम शे."

बाने मला फसवलं नव्हतं. पौर्णिमेला आणि अमावास्येला इथली माणसं चाय खातात, त्या दिवशी ती वेगळा रस्सा करते. एरवी कुणी चाय मागितलं तर ती मांस काढून देते. तिच्या लेखी तेवढं पुरेसं होतं. मी अंगणातच ओकलो. तीन दिवस नुसतं पाणी प्यायलो. तरी आईला त्या आठवड्यात लिहिलं, की जेवण अगदी शुद्ध आहे, काळजी करू नकोस.

एवढं लिहून थांबायचं ठरवलं होतं. अजाणता झालं म्हटलं तर आई समजून घेईल. पण तेवढंच झालं नाही.

मी तिथे जाणं बंद केलं. बाने भाईदासजवळ दोनदा चौकशी केली, तो उंच पोरगा आजारी आहे का? तिला खरं काय ते सांगावं असं वाटलं. दुभाष्याकडून नवं वाक्य शिकलो, 'मी हाडांचं पाणीही घेत नाही.' चार दिवस घोटलं. सूर अगदी बिनचूक बसवले.

गेल्या रविवारी गेलो. दुकान उघडं होतं, पण कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. बाचा मुलगा सैन्यात आहे. त्याची तुकडी कुठेतरी घेरली गेली आणि तो बेपत्ता आहे, असा निरोप आदल्या दिवशी आला होता. मला हे शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मोडक्या इंग्रजीत सांगितलं. मी उठून जाणार, तेवढ्यात बा आली. मी काही मागितलं नव्हतं. तिने माझ्यासमोर वाडगा ठेवला. बोटाने दाखवलं, बघ, मांस काढलंय. आणि मग ती समोर बसली. इतक्या दिवसांत ती कुणाच्या समोर बसलेली मी पाहिली नव्हती.

म्हणाली, "आन दी, कोन."

खा, बाळा. हे मला कुणी शिकवायला लागलं नाही.

माझं वाक्य जिभेवर होतं. मला ते बोलता आलं नाही. मी वाडगा उचलला आणि सगळा संपवला. पाणी कशाचं आहे हे माहीत असताना, शेवटच्या घोटापर्यंत. ती बघत राहिली. झाल्यावर वाडगा घेऊन आत गेली.

त्या वेळी मला किळस आली नाही. ती आली असती तर बरं झालं असतं असं आता वाटतं.

अक्का, आई माझ्या शब्दावर तूप-गोड सोडून बसली आहे आणि तो शब्द राहिलेला नाही. हे पत्र तिला वाचून दाखव, तोफांचं सोडून एकही ओळ न गाळता. तिला म्हणावं, आजच तूप घे. मार्चमध्ये माझी मुदत संपते. मी धरणगावला यावं की परस्पर दिल्लीला जावं, हे तिने सांगावं. नानांना सांगायचं की नाही तेही तिनेच ठरवावं. ती म्हणेल ते मला मान्य आहे.

तुझा,
अभय


धरणगाव, दि. ११ डिसेंबर १९६६

प्रिय अभय,

तुझं पत्र घेऊन मी एस.टी.ने नरडाण्याला आले आणि तिथून गाडीने धरणगावला. दाजींना फक्त 'आईकडे जाते' एवढंच म्हटलं.

आई तुरीची डाळ निवडत होती. नाना दुकानात होते. मी सगळं वाचलं, तू सांगितलंस तसं. हाडांचं आलं तेव्हा ती उठली, मोरीत जाऊन हात धुतले, परत येऊन बसली आणि म्हणाली, "वाच पुढे." शेवटचं ऐकताना डाळीतला हात थांबला होता. पत्र संपल्यावर तिने सूप उचललं आणि आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी फार घाबरले, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी ती एकटी महासतीजींकडे जाऊन आली. आल्यावर म्हणाली, "त्याला लिही, तीन महिन्यांचं अजाणता झालं. शेवटचं त्याने जाणून केलंय, त्याचा तेला करायला सांग." म्हणजे तीन दिवस फक्त उकळलेलं पाणी. तुझ्याबरोबर तीही करायला निघाली होती. मी हात धरला. या अशक्तपणात नाही, म्हटलं, तुझ्याऐवजी मी करते. काल माझा पूर्ण झाला. तू तुझा कर आणि कळव.

तूप घे म्हणून मी पुष्कळ विनवलं. ती म्हणाली, "माझं पचखाण त्याच्या तोंडात काय गेलं यावर नव्हतं. तो परत येऊन जेवेल यावर होतं. येऊ दे त्याला." डॉक्टरांनी दूध तरी घ्या म्हटलं. दुधाचं पचखाण नाही, असं मीच तिला समजावलं. आता सकाळी पेलाभर बिनसाखरेचं घेते. पहिल्यापेक्षा बरी आहे.

नानांना तिनेच सांगितलं, माझ्यासमोर, जेवण झाल्यावर. नाना म्हणाले, "त्याला या स्वयंपाकघरात पाय ठेवू देणार नाही."

आई म्हणाली, "नका ठेवू देऊ. मी शेगडी बाहेर ओट्यावर मांडीन. तो तिथे जेवेल. मीही तिथेच जेवीन."

"आणि लोक काय म्हणतील?"

"लोकांना दिसावं म्हणूनच तर ओट्यावर."

अभय, नानांसमोर तिला असं बोलताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. नाना उठून निघून गेले. तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं आहे. नाना चिडलेले आहेत, हे तुझ्यापासून लपवत नाही. तू आल्यावर ते पहिल्या दिवशी तुझ्याशी बोलतील असं धरून चालू नकोस.

आईने आणखी एक विचारायला सांगितलंय. त्या बाच्या मुलाचा काही पत्ता लागला का? त्याचं नाव काय? सकाळच्या माळेत घ्यायचं आहे म्हणते. आणि म्हणाली, त्याला लिही, तिकडे जाणं सोडू नकोस. मी विचारलं, आणि तिने पुन्हा वाडगा पुढे केला तर? आई म्हणाली, "त्याला वाक्य येतंय ना? ते बोलावं आणि मग तिथेच बसावं. खाल्लं नाही म्हणून उठून यायचं असं थोडंच आहे."

मी उद्याच्या गाडीने धुळ्याला परतते. मार्चची तारीख नक्की झाली की आधी आईला कळव, मग मला.

आणि हो, आज सकाळी नानांनी गवंडी बोलावला. ओट्याच्या दोन फरश्या हलत होत्या, त्या त्याच्यासमोर उभं राहून बसवून घेतल्या. आईला काही विचारलं नाही. मी दारातून पाहत होते. 'चार माणसं बसतील इतकं सपाट कर,' असं ते त्याला सांगत होते.

तुझी वाट पाहणारी,
अक्का