सोसायटीचा नियम

आई, आज मी घरात मासा केला. बांगडा नाही, सॅमन. परदेशी, गुलाबी, काटे काढलेला, प्लास्टिकात बंद होऊन येतो. तू बघून म्हणाली असतीस, ह्यो कसलो मासो. तुझी नात दोन तुकडे घेऊन आली. तिची आई माहेरी गेलीये, जेवायला आम्ही दोघंच. तुकडे पुसून कोरडे केले, मीठ, मिरपूड, लिंबू चोळलं, तव्यात थोडं बटर आणि ठेचलेली लसूण, कातडीची बाजू खाली. तिला उलटायची घाई झाली तेव्हा मी तिचा हात धरला. तव्याने सोडल्याशिवाय मासा उलटायचा नाही, हे तुझंच शिकवणं. शेजारच्या शेगडीवर भात होता. मध्येच ती म्हणते, "बाबा, तो सोसायटीचा नियम गेला का?" मी म्हटलं, "हो गं, कधीच गेला."

नियम कधी नव्हताच, आई. घाटकोपरची चाळ सोडून मुलुंडला आलो, तर मजल्यावरची बाकी तिन्ही घरं शाकाहारी. लिफ्टमध्ये कुणी नाक मुरडलं तर काय, एवढ्यानेच माझी वाट लागली होती. पहिल्याच आठवड्यात तुला सांगून टाकलं, इथे मासे शिजवायला बंदी आहे. बायकोलाही तेच सांगितलं. तू मासे कापायची आदोळी कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवलीस आणि येईल त्याला सांगत राहिलीस, "आमच्या बिल्डिंगीत चलना नाय, नियम आसा." रविवारी नाहूरला मावशीकडे जाऊन जेवायचीस आणि हाताला लिंबाची साल चोळून परत यायचीस. गुडघे गेले तसं तेही बंद पडलं. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

शेवटच्या आजारपणात तुझ्या तोंडाला चव नव्हती. एका दुपारी तू म्हणालीस, "बांगड्याचा तिखला कर रे. मासो नको, नुसतो रस. वाटीभर." मी पलंगाशी उभा होतो, हातात पेजेची वाटी. म्हटलं, "आई, नियम आहे ना." तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "होय रे, इसारलंय मी." मग पेज प्यायलीस. अर्धीच.

आज आम्ही ताटं घेऊन बसतोय तोच बेल वाजली. समोरच्या गुजराती काकी होत्या. वासावरूनच आल्या असणार. मी दार अर्धंच उघडलं आणि माफी मागायला लागलो. त्या म्हणाल्या, "अरे, माफी कशाला? मी तर खुश झाली. तुझी आई नवीन आली तेव्हा मला विचारायला आली होती, मच्छी केली तर चालेल ना म्हणून. मी बोलली, असा काही नियम नाही, बिनधास्त करा, आम्ही दार लावून घेऊ. तर म्हणते, मग नको, माझ्या पोराला लाज वाटते. त्याला सांगू नका मी विचारलं ते." एवढं बोलून त्या गेल्या. मी दार लावलं.

म्हणजे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. माझं खोटं तू मावशीला, पाहुण्यांना, माझ्याच बायकोला खरं करून सांगत राहिलीस. आणि त्या दुपारी वाटीभर रसासाठी सुद्धा मला उघडं पाडलं नाहीस. एकदा तरी कान धरायचा होतास गं माझा. मला वासाची लाज नव्हती वाटत, आई. तुझी वाटत होती.

आतून लेकीने विचारलं, "कोण होतं?" मी म्हटलं, "कोणी नाही, चुकून बेल वाजली." मग बसून सगळा मासा खाल्ला. चांगला झाला होता. ती अजून नियम खराच समजतेय. उद्या तिला सगळं सांगेन, असं इथे लिहिणार होतो. पण तुला आणखी एक खोटं नको.