तिसरीची मॉनिटर

४ जुलै १९२७, सोमवार

मोठ्या बाईंनी एकदाची परवानगी दिली! वर्गात एक मुलगी पुढारी नेमायची, पण ती पट्टी घेऊन गप्प बसवणारी नव्हे. कोण उपाशी आलीय, कोण कोपऱ्यात रडतेय, कोणाला खेळात घेत नाहीत, हे तिनं बघायचं. मी ‘नायकीण’ म्हणाले तर मोठ्या बाई दचकल्याच — “अहो, काय शब्द हा मुलींच्या शाळेत!” मग मॉनिटर ठरलं.

वकिलांच्या मुलीला वाटलं तिलाच करणार. मी चन्नम्माला केलं. तेलघाणीवाल्या ईश्वरप्पांची ही पोर दहा वर्षांची. अंगाला करडईच्या तेलाचा वास, घरी कानडी, शुद्धलेखन भयंकर. पण कोणी पडलं तर पहिली धावते ती हीच.

दुसरी गोष्ट — शाळा सुटताना प्रत्येकीनं सांगायचं, आज कोणाचे आभार. आज सगळ्यांनी देवाचे, सरकारचे नि माझेच मानले. शरमले मी!

७ जुलै, गुरुवार

जमायला लागलंय. अक्कम्मा म्हणाली, “शेवंतीनं पेन्सिल मोडून अर्दी मला दिली, तिचं.” शेवंती लाजून लाल! मला वाटलं, नोकरीचं सार्थक झालं.

एक गोजरा तेवढी बोलत नाही. आठ वर्षांची. बाप कोंडीबा गिरणीत आहे, केम गावाकडून आलेला. आई दोन वर्षांपूर्वी गेली, आता सावत्र आई आहे. मी रोज विचारते, “गोजरा, तू कोणाचे आभार मानशील?” ती जमिनीकडे बघते.

८ जुलै, शुक्रवार

सुटीत चन्नम्मा जवळ आली. “बाई, गोजरा हात पदराखाली झाकती की. तुमी बगा.”

बघितले. मनगटापासून वर चटके! काही जुने, काही ओले.

“चुलीला लागलं,” गोजरा म्हणाली.

ती गेल्यावर चन्नम्मा हळूच म्हणाली, “चूल काय रोज उटून लागती व्हय, बाई?”

११ जुलै, सोमवार

मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “रंभाबाई, आपलं काम फाटकापर्यंत. घरात कोण आपल्या पोरीला काय करतं, ते आपण विचारायचं नाही. उद्या बापानं शाळेतून नाव काढलं तर?”

आणि खरंच काढलं तर? मग ती पूर्ण वेळ घरीच. चावडीवर जावं का? तिथं काय सांगू — चुलीला लागलं म्हणते?

चुन्याची निवळी नि खोबरेल घोटून लावलं. तेवढंच हातात होतं. जिला घरी चटके बसतात तिला मी रोज विचारत होते, कोणाचे आभार मानशील! माझीच मला चीड आली.

१३ जुलै, बुधवार

चन्नम्मा हल्ली दोन भाकरी आणते. गोजराला शेजारी बसवते, बोलत काही नाही, भाकरी मोडून निम्मी पुढे सरकवते.

आज सुटताना गोजरा आपणहून उभी राहिली! “चन्नीचं.”

“का गं?”

“तिनं इचारलं न्हाय.”

सगळ्या पोरी हसल्या. मला हसू आलं नाही.

१६ जुलै, शनिवार

आज गोजराच्या मानेवर चटका. अजून फुगलेलं.

मी चन्नम्माला म्हणाले, “हिच्याकडे लक्ष दे हं.” आणि म्हणताच कळलं — जे मला झेपत नाही ते मी दहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर देतेय. तिनं मान हलवली. किती गंभीरपणे हलवली!

१९ जुलै, मंगळवार

काय लिहू! काल शाळा सुटल्यावर चन्नम्मानं गोजराला घरी जाऊच दिलं नाही. आपल्या घरी नेलं, घाणीच्या मागच्या खोलीत निजवलं. आईबापांना सांगितलं, हिची आई गावाला गेलीय.

सकाळी कोंडीबा शाळेच्या दारात. “माजी पोरगी कुटं हाय? शाळंत घातली म्हंजी इकली व्हय तुमाला?” रात्रभर शोधत हिंडला होता. डोळे लाल. रडलेला वाटला मला. तेही खोटं नव्हतं.

तेवढ्यात ईश्वरप्पा दोघींना घेऊन आले. सगळा प्रकार कळल्यावर सगळ्या शाळेसमोर त्यांनी चन्नम्माच्या थोबाडीत दिली. माझ्याकडे वळून हात जोडले — “बाई, माझी पोरगी शिकाया पाठवलो मी, पंचाईत कराया न्हाई.”

चन्नम्मा रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मी बोलेन म्हणून! मीच लक्ष द्यायला सांगितलं होतं हे मी म्हणेन म्हणून.

मी म्हणाले. इतक्या हळू की कोणाला ऐकू गेलं नसेल.

मग मोठ्या बाईंनी खूण केली नि मी गोजराचा हात धरून कोंडीबाच्या हातात दिला. मी स्वतः!

मॉनिटर बंद. आभारही बंद. कवायत जास्त घ्या, म्हणाल्या.

२० जुलै, बुधवार

गोजरा आली नाही. चन्नम्मा मागे जाऊन बसली.

२२ जुलै, शुक्रवार

गोजरा आजही नाही. शाळा सुटल्यावर तडक तिच्या घरी गेले. फाटकापर्यंत म्हणे! वाटेत त्या सावत्र आईला काय काय सुनवायचं ते मनात घोळवत होते. कैदाशीण, हाच शब्द जिभेवर होता.

चाळीत शेवटची खोली. दार एका पोरीनं उघडलं.

“तुझी आई कुठाय?” मी जरबेनं विचारलं.

“माजी व्हय? ती गावाकडं. केमला.”

“गोजराची आई म्हणते मी.”

“मीच की.”

केराबाई. तेराची असेल, फार तर चौदाची. नऊवारी आवरत नव्हतं, निऱ्यांचा बोंगा एका हातानं धरलेला. त्या हातावरही चटके. कोंडीबाची गिरणीत पहिली पाळी, पहाटे भाकरी झाली नाही की तो मारतो, म्हणाली. आत गोजरा झोपली होती, अंगात ताप.

मी चढ्या आवाजात म्हणाले, “तू हिला भाजतेस?”

ती उभ्या उभ्या रडायला लागली. “मला कळतच न्हाय बाई. ती आई आई करून रडती. मग मला बी माजी आई आटवती. मग लई राग येतो.” पदरानं नाक पुसलं नि विचारलं, “शाळंत पोरी काय काय करत्यात?”

एवढ्या शिव्या साठवून नेल्या होत्या! एकही देता आली नाही. “आता हात लावू नकोस हं तिला,” एवढं म्हणून परतले. पोरीनं पोरीला जाळायचं, आणि रागवायचं तरी कोणावर?

२३ जुलै, शनिवार

चन्नम्माला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. माझं चुकलं हेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. फक्त विचारलं, “तेरा वर्सांची?”

२५ जुलै, सोमवार

दुपारी वर्ग भरला होता. दारात चन्नम्मा. एका हातात गोजराचा हात, दुसऱ्यात केराबाईचा.

“गिरणीची पाळी सुटायच्या आत घरी सोडतो मी केराबाईला,” ती मला म्हणाली. “हिला कुटं बसवू, बाई?”

मोठ्या बाई व्हरांड्यात येऊन उभ्या होत्या. गोजरा आपल्या जागेवर जाऊन बसली, खाली बघत. मग तिनं जागा करायला आपलं बस्कर थोडं सरकवलं. थोडंच.