पाखरं त्याला, अळ्या मला

नायगाव, जि. नांदेड
१२ जानेवारी

आदरणीय नरसिंगमामा व मामी यांना आनंदराजचा सविनय जय भीम.

इकडे घरात सगळे बरे आहेत (मी सोडून). तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे ऐकून आईनं सुटकेचा श्वास सोडला, आणि लगेच दुसऱ्या फोनवर तुम्ही तुरीच्या खळ्यावर धुरळ्यात उभे असल्याचं ऐकून तो परत घेतला. मामा, डॉक्टरांनी महिनाभर जपा म्हटलंय तर जपा. (मीही डॉक्टर होणार होतो, डोळ्यांचा नव्हे, पण आता कसलाच होईन असं दिसत नाही. त्याचीच ही कहाणी.) व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, पण मामी आलेला मजकूर आधी नातेवाइकांच्या ग्रुपवर ढकलतात आणि मग वाचतात. माझी बेइज्जती नांदेड-लातूर दोन्ही जिल्ह्यांत एकदम व्हायला नको, म्हणून कागद घेतला.

भीमजयंतीला तुम्ही मला चारचौघांत विचारलं होतं, की बाबा, विद्यापीठात एवढी वर्षं तू नेमकं करून राहिलास काय. मी 'परिसंस्था' असा एक शब्द उच्चारला आणि तुम्ही वरणाच्या बादलीकडं वळलात. चूक माझीच होती. आता साध्या भाषेत सांगतो. हरभऱ्याला घाटेअळी पडते हे तुम्हाला मी काय सांगावं. घाट्याला भोक पाडते, डोकं आत घालते, बाकीची बाहेर लोंबते आणि दाणा खाऊन मोकळी होते. तिला कोतवाल, साळुंकी, बगळा ही पाखरं खातात. पण पाखराला बसायला जागा पाहिजे. म्हणून रानात एक काठी रोवायची आणि तिच्या डोक्यावर दुसरी आडवी ठोकायची, त्याला आम्ही पक्षीथांबा म्हणतो. थांबे लावल्यानं अळी किती कमी होते आणि फवारा किती वाचतो हे मोजायचं, एवढीच माझी पीएचडी. (याला इतकी वर्षं लागण्यासारखं काय आहे, असं मामी विचारतील. पुढं वाचा.)

मोजायचं म्हणजे दोन रानं लागतात. एकात थांबे, दुसऱ्यात काही म्हणजे काहीच करायचं नाही, आणि बाकी सगळं दोन्हीकडं सारखं. अडचण अशी, की आपल्या भागात काहीच न करणारा शेतकरी मिळत नाही. पहिल्या वेळी लोह्याकडं एका भल्या माणसाचं रान अर्धं अर्धं केलं. त्याला उरलेल्या अर्ध्याची कीव आली, तिथंही त्यानं थांबे ठोकले आणि मला वर चहा पाजला. पुढच्या वर्षी मुखेडकडचा गृहस्थ मी येणार कळलं की आदल्या दिवशी फवारा मारून रान चकाचक करून ठेवायचा. सर एवढ्या लांबून फटफटीवर येतात, त्यांना आपल्या रानात अळ्या दिसल्या तर काय म्हणतील, अशी त्याला लाज. माझे गाईड वैतागून म्हणाले, एकाच मालकाची दोन रानं घेतलीस की माया आडवी येते, दोन मालक बघ, आणि एकाला दुसऱ्याची काडीची पडलेली नसावी असे बघ.

तसे यंदा सापडले, मामा. अहमदपूरच्या पुढं एका गावात थोरले मन्मथअप्पा आणि धाकले सिद्धलिंगअप्पा हे सख्खे भाऊ. बापाचं एकच काळंभोर रान, मधोमध बांध, आणि वाटणी झाल्यापासून दोघांत बोलणं बंद. कारण विचाराल तर बांधावरची एक बाभळ. ती वाळली, तोडली, चुलीत गेली, भांडण मात्र हिरवंगार. पण या भांडणानं माझं सोनं केलं होतं. थोरल्यानं जे बियाणं आणलं तेच धाकल्यानं आणायचं, त्याच दुकानातून, कारण त्याला बरं मिळालं आणि मला नाही असं व्हायला नको. थोरल्याच्या रानातून पेरणीचा ट्रॅक्टर निघाला की धाकल्यानं तोच अडवून आपल्यात घालायचा. माती तीच, बियाणं तेच, पेरणीचा दिवस तोच. एवढी समता मी फक्त पुस्तकात वाचली होती. (पाखरांना बांध कळतो का, अशी एक शंका गाईडनी काढली. म्हणून थांबे बांधापासून लांब, पार पलीकडच्या टोकाला रोवायचे ठरलं.)

आणि हे वर्ष शेवटचं आहे, हे तुम्हाला आईनं सांगितलं नसेल. विद्यापीठानं माझी मुदत वाढवून वाढवून थकून जाऊन लिहून दिलंय, की या सुगीपर्यंत मोजमाप आलं नाही तर नोंदणी रद्द. नोंदणी गेली की कॉलेजातले तासिका तत्त्वावरचे तास पण गेले, कारण ते पीएचडी होईल या आशेवरच मला ठेवून घेतात. तेव्हा मी किती सांभाळून पाऊल टाकलं असेल बघा. थांबे कुणाच्या बाजूला लावायचे ते नाणं टाकून ठरवलं. नाणं थोरल्याकडून पडलं. मग धाकल्याला, म्हणजे सिद्धलिंगअप्पांना, बांधावर बसवून मी तासभर समजावलं की तुम्ही काहीच न करणं हेच विज्ञानाला तुमचं मोठं योगदान आहे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी पाखरं त्याला, आन अळ्या मला."

मामा, मी वही पिशवीत कोंबली आणि फटफटीला लाथ मारली.

पुढच्या खेपेला गेलो तर सिद्धलिंगअप्पांच्या रानात थांबे उभे. माझ्यापेक्षा उंच, वर पाण्याची मडकी टांगलेली, आणि पाखरांनी आपल्याकडंच यावं म्हणून खाली ज्वारीच्या कण्या सांडलेल्या. हे बघून मन्मथअप्पांनी आपल्या थांब्यांना आख्खी कणसं बांधली. धाकल्यानं भात शिजवून आणला. झालं, दोन्ही रानांत साळुंक्यांच्या पंगती बसायला लागल्या, आणि पोटं भरल्यावर अळीकडं कोण बघतं? (कोतवाल तेवढा इमानदार राहिला, तो दाणा खात नाही. पण एकट्या कोतवालावर पीएचडी होत नाही.) शेवटी मी उमाबाईंचे पाय धरले. उमाबाई म्हणजे या दोघांची आई. वाटणीत त्या महिनाभर एकाकडं आणि महिनाभर दुसऱ्याकडं अशा वाटल्या गेल्यात. त्यांनी हुकूम काढला, की ज्याच्या रानात दाणा दिसेल त्याच्या घरची भाकरी मी खाणार नाही. दोघंही वरमले. धाकल्यानं आपले थांबे उपटले, आणि सुगीपर्यंत रानाला हात लावणार नाही, फवाराही मारणार नाही, असा मला शब्द दिला.

आणि मग मामा, आकडे असे यायला लागले की गाईड मला स्वतःहून फोन करू लागले. थोरल्याकडं अळी घटत चालली, धाकल्याकडं वाढत चालली. कागदावर देखणी रेघ उमटत होती. पण ती रेघ सिद्धलिंगअप्पांच्या हरभऱ्यातून जात होती, हे मला दिसत होतं. संध्याकाळी ते बांधावर उभे राहून आधी भावाचं रान बघायचे, मग आपलं, आणि मला विचारायचे की सर, अजून थोडं खाऊ द्यायचं का? मी हाव, द्या म्हणायचो. घरी येऊन मला जेवण जायचं नाही, खोटं कशाला बोलू.

एवढ्यात येळवशीची अमावस्या आली. सगळा गाव रानात, कडब्याच्या कोप्या, आंबिलीची मडकी, भज्जी, बाजरीचे उंडे. बांधाच्या अलीकडं थोरल्याची कोपी, पलीकडं धाकल्याची. मला थोरल्यानं हाताला धरून बसवलं होतं. जेवणं चालू असताना उमाबाई नातवंडांना हरभरा सोलून द्यावा म्हणून धाकल्याच्या रानात गेल्या, ओटीभर घाटे तोडून आणले आणि बांधावर थोरल्यासमोर ओटी रिकामी केली. एकूण एक घाट्याला भोक. मन्मथअप्पांनी नखानं एक फोडला, आत अळी. दुसरा फोडला, आत अळी. हातातला उंडा खाली ठेवून ते उठले आणि वाटणी झाल्यापासून पहिल्यांदा भावाशी बोलले. "सिद्ध्या, बापाचं रान किड्यानं खाल्लं आन तू गप बसलास व्हय?"

सिद्धलिंगअप्पा खाली मान घालून म्हणाले, "सरला शबुद दिलता."

मग सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. माझ्या तोंडात भज्जीचा घास होता, तो ना गिळता येईना ना थुंकता. मन्मथअप्पा बांध ओलांडून गेले, धाकल्यानं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं, उमाबाई रडल्या, दोघी सुना रडल्या, शेजारच्या कोपीतले पाहुणे काय झालं ते न कळता रडले. मीही रडलो, पण माझं कारण वेगळं होतं, ते कुणाला सांगायची सोय नव्हती. मी एवढंच म्हणालो, की अप्पा, सुगीपर्यंत कुणी काही करू नका. सगळे हाव म्हणाले. त्या घडीला त्यांना कुणी काही म्हटलं असतं तरी ते हाव म्हणाले असते.

तिसऱ्या दिवशी मी मोजायला गेलो, तर औषधाचा वास सडकेपर्यंत आलेला. झालं होतं ते असं. येळवसीच्या दुसऱ्याच दिवशी थोरल्यानं पंप पाठीला लावून धाकल्याचं रान फवारलं. दादा माझ्या रानात राबतोय आणि मी उभा राहून बघू का, म्हणून धाकल्यानं दुसरा पंप आणून थोरल्याचं फवारलं, जिथं फवाऱ्याची गरजच नव्हती. पाखरं लांब विजेच्या तारेवर जाऊन बसली होती. हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबेनं पायाची कातडी सोलून निघेपर्यंत मी दोन्ही रानं तुडवली. एकच जिवंत अळी घावली, आणि तीही माझ्या शर्टावर चढलेली होती. दोघं भाऊ बांधावर खांद्याला खांदा लावून उभे राहून मला सांगत होते, की सर, बघा, तुमचा माल एकदम साफ करून ठेवलाय.

वर गावानं माझा सत्कार केला. शाल, नारळ, फ्लेक्सवर माझा फोटो आणि खाली 'दोन भावांची मनं जोडणारे संशोधक'. एक वक्ता म्हणाला की जे पोलीस पाटलाला जमलं नाही ते विज्ञानानं करून दाखवलं. पहिल्या दिवशी त्या घरी मला चहा कागदी कपात आला होता, मामा. सत्काराच्या दिवशी उमाबाईंनी घरातल्या कपबशीत दिला आणि माझी दृष्ट काढून बोटं मोडली. तेवढं एक पदरात पडलं. ते प्रबंधात कुठं लिहू?

गाईडनी सत्काराचा फोटो लई वेळ बघितला. मग म्हणाले, तू खामखा आमच्या विभागात आलास, समाजशास्त्रात असतास तर आज सुटला असतास. शेवटी त्यांनाच दया आली आणि म्हणाले, उशिरा पेरलेला हरभरा, असाच बांध आणि असेच दोन मालक या आठवड्यात मिळाले तर अजूनही काहीतरी वाचवता येईल. मिळतील का असे, हा विचार करत मी रात्रंदिवस छताकडं बघत पडून असतो. आई म्हणते, खा. मी खातो. आणखी काय करणार?

असो. डोळा सांभाळा, मामींना चहात साखर कमी टाकायला सांगा, आणि माझ्यावर लोभ आहे तो निदान तुम्ही तरी कमी करू नका.

विद्यापीठाच्या आणि घरच्याही उपयोगाचा न राहिलेला,
तुमचा भाचा
आनंदराज

ता. क. तुमचा हरभरा यंदा उशिरा पेरलाय असं ऐकलं, आणि बांधापलीकडचा धाकट्या मामांचाही. रान तेच, बियाणं तेच. तुमचं आणि त्यांचं बोलणं बंद आहे याचं मला वाईटच वाटतं, हे तुम्हाला माहीत आहे. पण मामा, पाया पडतो, तेवढं होळीपर्यंत टिकवा. मध्ये कुणी समजूत घालायला आलं तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. होळी झाली की मी स्वतः येऊन तुमच्या दोघांची गाठ घालून देतो, त्याचा आता मला अनुभव आहे.

ता. क. २ पत्र आईजवळ देतोय, ती उद्या तुमच्याकडं निघतेय. आत नुसती खुशाली आहे असं तिला सांगितलंय. तिला यातलं काही बोलू नका, ती उगाच मनाला लावून घेईल.

दादा, मी भामा. यष्टी बदलायला लातूरला उतरले, पुढच्या गाडीला वेळ हाय, म्हणून बाकड्यावर बसून लिहून राहिले. पाकीट म्याच उघडलं. तोंडानं मला बोलायला व्हायचं न्हाई, रडू येतंय, म्हणून आल्या आल्या हातात देते, वाचून घ्या. आपल्या धाकल्याची सिंधु वैनी परवा फोनवर लई रडली. धाकल्याच्या हरभऱ्यात अळी शिरलीय, त्याची कंबर धरलीय, पंप उचलत न्हाई, आन तुमच्याकडं मागायची त्याला लाज वाटते. आनंदला दुसरं रान घावंल न्हाईतर न्हाई घावायचं, मला दुसरे भाऊ कुठून घावतेत. त्याला यातलं काय कळवू नका, पत्र नीट पोचवते म्हणून आलेय. तुमचा डोळा हाय, तुम्ही फवारू नका. बोलायचं नसलं तर बोलूबी नका. पंप मी पाठीवर घेते, तुम्ही नुसतं माझ्या मागं बांध वलांडून या.